रामानुजन नावाचा विद्यार्थी

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२ सालापासून हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. शाळा-कॉलेजांतून त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, प्रश्नमंजूषा होते आणि कोणीतरी १७२९ या संख्येची गोष्ट सांगतो. ते योग्यच आहे. परंतु या साऱ्या भाषणांमधून एक रामानुजन बहुधा राहून जातो. कॉलेजची शिष्यवृत्ती गमावलेला, परीक्षेत दोनदा नापास झालेला, कोणाला न सांगता घर सोडून गेलेला आणि पुढे परदेशातील नामवंत कॉलेजात मनाने इतका खचलेला, की जगणेच नकोसे झाले, तो रामानुजन.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रामानुजन यांचे गणित समजावून सांगण्याची माझी पात्रता नाही आणि तो या लेखाचा हेतूही नाही. विद्यार्थ्याच्या मनाचे आरोग्य या विषयावर हल्ली खूप बोलले जाते. त्यावर कोरडा उपदेश करण्यापेक्षा एका विद्यार्थ्याचे आयुष्यच पुढे ठेवावे, असे वाटले. कारण रामानुजन यांची बुद्धी अलौकिक असली, तरी त्यांची दुःखे मात्र अगदी तुमच्या-आमच्यासारखीच होती.

घर आणि शाळा

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळ प्रदेशातील इरोड या गावी आजोळी झाला. बालपण गेले ते कावेरीकाठच्या कुंभकोणम या देवळांच्या गावात. वडील श्रीनिवास अय्यंगार हे कापडाच्या दुकानात हिशेब लिहिण्याचे काम करीत. पगार महिना वीस रुपयांच्या आसपास. आई कोमलतम्माळ देवळात भजने म्हणत, त्यातून चार पैसे मिळत. तेवढ्याने भागत नसे म्हणून घरात कॉलेजचे एकदोन विद्यार्थी पैसे घेऊन राहण्याजेवण्यास ठेवले जात. या पाहुण्या विद्यार्थ्यांची पुस्तके हीच छोट्या रामानुजनची पहिली ग्रंथसंपत्ती.

मुलगा हुशार होता. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत तंजावर जिल्ह्यात तो पहिला आला. हायस्कूलमध्ये असतानाच त्याने वरच्या वर्गाचे त्रिकोणमितीचे पुस्तक संपविले. त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्रिकोणमितीतील काही निष्पत्ती त्याने स्वतः शोधून काढल्या आणि त्या नवीन आहेत अशी त्याची समजूत होती. पुढे त्याला कळले, की ऑयलर या गणितज्ञाने त्या फार पूर्वीच शोधल्या आहेत. दुसरा एखादा मुलगा म्हणाला असता, एवढ्या मोठ्या माणसाला सुचले ते मला सुचले! पण रामानुजनला अतिशय शरम वाटली. त्याने ते कागद घराच्या छपरात लपवून ठेवले. मन किती हळवे होते आणि अपयशाचा घाव किती खोल बसत होता, हे तेव्हाच दिसून आले होते. पण हुशार मुलाच्या मनाकडे पाहण्याची गरज कोणाला वाटते? त्याचे गुण पाहिले की आपले समाधान होते.

१९०३ साली कार नावाच्या लेखकाचे गणितातील हजारो सूत्रांचे पुस्तक त्याच्या हाती पडले. त्यात सूत्रे होती, पण सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. त्या तो स्वतः शोधू लागला आणि गणिताने त्याला पुरते झपाटून टाकले. १९०४ साली शाळेच्या समारंभात गणितासाठीचे रंगनाथ राव पारितोषिक त्याला मिळाले. मुख्याध्यापकांनी भर सभेत त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. हा मुलगा पुढे खूप मोठा होणार, यात कोणालाही शंका उरली नाही.

नापास

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्याला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. आणि एका वर्षातच सर्व चित्र पालटले.

गणित सोडून दुसऱ्या कोणत्याही विषयात त्याचे मन लागेना. वर्गात इतिहास चाललेला असो की इंग्रजी, याची वही गणिताने भरत असे. शेवटी इंग्रजी निबंधाच्या विषयात तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती बंद झाली. सत्राची फी होती ३२ रुपये, म्हणजे वडिलांच्या दीड महिन्याच्या पगाराहून अधिक. आई स्वतः प्राचार्यांना भेटण्यास गेल्या. मुलाची बुद्धी पाहा, असे त्यांनी परोपरीने सांगितले. पण नियम तो नियम. शिष्यवृत्ती मिळाली नाही.

काही दिवस मुलाने तसेच रेटले. मग ऑगस्ट १९०५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो कोणालाही न सांगता घरातून निघून गेला. शेकडो मैल दूर, विशाखापट्टणमला. आईवडिलांनी शोधाशोध केली, वर्तमानपत्रातही मुलगा हरवल्याचे छापून आले. अखेर तो घरी परतला. पुन्हा कॉलेजात जाऊ लागला, पण हजेरी भरली नाही आणि ते वर्ष वाया गेले.

मित्रहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. प्राचार्यांनी नियम मोडला नाही, हा काही त्यांचा दोष म्हणता येणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. कालपर्यंत बक्षिसे घेणारा मुलगा एकाएकी नापास होतो, वर्गात गप्प बसतो, मग दिसेनासा होतो. या मधल्या काळात, तुला काय होते आहे, असे त्याला कोणी विचारले असेल का? चरित्रांतून फीचा आकडा सापडतो, पुस्तकांची नावे सापडतात, असा विचारणारा मनुष्य मात्र सापडत नाही.

१९०६ साली रामानुजन मद्रासला आजीकडे राहून पच्चय्यप्पा कॉलेजात शिकू लागले. गणिताच्या प्राध्यापकांना त्यांच्या वह्या पाहून नवल वाटले. पण एफ. ए.च्या परीक्षेत शरीरशास्त्रासारखे विषय सक्तीचे होते आणि ते त्यांना मुळीच जमत नसत. पचनसंस्थेवरील प्रश्नाच्या उत्तरपत्रिकेत त्यांनी थोडक्यात लिहून टाकले होते, की हे प्रकरण मला पचलेले नाही. आपण ही गोष्ट हसत हसत सांगतो. लिहिणाऱ्याला त्या दिवशी हसू आले असेल असे वाटत नाही. त्याच वर्षी त्यांना अतिसाराचा विकार जडला आणि काही काळ घरी परतावे लागले. १९०६ च्या अखेरीस ते एफ. ए.ला नापास झाले. पुढच्या वर्षी बाहेरून बसले, पुन्हा नापास. कॉलेजचे दार त्यांच्यासाठी कायमचे बंद झाले.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांना ही अडचण परकी नाही. दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेला, खानापूर किंवा चंदगडकडील खेड्यातून आलेला मुलगा बी. कॉम.च्या वर्गात बसतो आणि हिशेबशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र सारे एकदम इंग्रजीतून सुरू होते. जमाखर्च त्याला कळत असतो, भाषा कळत नसते. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले, की आपण मुळात मठ्ठच आहोत अशी त्याची खात्री होऊन बसते. अशा वेळी नापास झालेल्या रामानुजनची आठवण कोणीतरी त्याला करून द्यावी. नापास होणे ही एका विषयाची, एका दिवसाची नोंद असते. ती संपूर्ण माणसाची किंमत नसते.

पाटी आणि चार माणसे

पुढची तीनचार वर्षे अत्यंत हलाखीची गेली. रामानुजन घराच्या ओट्यावर मांडीवर मोठी पाटी घेऊन बसत. कागद परवडत नसे. पाटीवर गणित करायचे, कोपराने पुसायचे आणि उत्तर तेवढे वहीत उतरायचे. शिकवण्या मिळाल्या तर टिकत नसत, कारण हे परीक्षेचे सोडून भलतेच खोल गणित सांगत बसत. जुलै १९०९ मध्ये त्यांचा विवाह झाला, पत्नी जानकी वयाने अगदीच लहान होती. त्यानंतर एक शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिच्यासाठीही पैसे नव्हते. एका डॉक्टरांनी ती विनामूल्य केली.

या काळोखात प्रकाश आला तो काही माणसांमुळे. १९१० साली रामानुजन आपल्या वह्या घेऊन तिरुकोइलूर येथे व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटले. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर होते आणि भारतीय गणित मंडळाचे संस्थापक होते. या मंडळाचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते, आणि तेथील प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्यामुळे केंब्रिजचे नाव मराठी घरांतून आधीच पोहोचले होते. रामानुजन यांनी रामस्वामींकडे मागितली होती साधी कारकुनाची नोकरी. वह्या चाळल्यावर रामस्वामींनी ती दिली नाही. महसूल खात्यात हा मुलगा गुदमरून जाईल, हे त्यांनी ओळखले. पण नकार देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी मद्रासमधील आपल्या परिचितांना पत्रे दिली. त्या पत्रांतून रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले आणि रामचंद्र रावांनी काही काळ दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. १९११ साली गणित मंडळाच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापून आला.

१ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात त्यांना दरमहा ३० रुपयांवर कारकुनाची जागा मिळाली. तेथील नारायण अय्यर हे त्यांचे वरिष्ठ. स्वतः गणिताचे जाणकार. संध्याकाळी घरी दोघे पाट्या घेऊन बसत. रामानुजन दोन-तीन पायऱ्या एकदम ओलांडून जात. नारायण अय्यर त्यांना थांबवीत आणि सांगत, की मला समजले नाही तर जगाला कसे समजेल, मधल्या पायऱ्या लिही. कचेरीतला साहेब रात्री आपल्या हाताखालच्या कारकुनाबरोबर पाटी घेऊन बसतो, हे दृश्य मला तरी फार मोलाचे वाटते. शिष्यवृत्तीने जे दिले नाही ते या सोबतीने दिले.

जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी केंब्रिजचे प्राध्यापक जी. एच. हार्डी यांना आपल्या सूत्रांसह पत्र पाठविले. ही कथा सर्वांस ठाऊक आहे. हार्डी यांनी आपले सहकारी लिटलवुड यांच्यासह ते कागद पाहिले आणि हा थोर प्रतिभेचा गणितज्ञ आहे, असा निर्वाळा दिला. मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन बोटीने इंग्लंडला निघाले. शेंडी काढली, युरोपियन पोशाख चढविला. वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यातले ५० पौंड घरी पाठविण्याची व्यवस्था त्यांनी केली.

केंब्रिजमधील खोली

सुरुवातीचे काही आठवडे ते नेव्हिल या प्राध्यापकांच्या घरी होते आणि तेथे त्यांची चांगली काळजी घेतली गेली. नंतर ट्रिनिटी कॉलेजच्या वसतिगृहात स्वतंत्र खोली मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. कॉलेजातील तरुण रणांगणावर गेले, लिटलवुडही सैन्याच्या कामावर गेले. गजबजलेले कॉलेज ओस पडले.

रामानुजन कट्टर शाकाहारी होते. ट्रिनिटीच्या भोजनगृहात विद्यार्थी आणि अध्यापक एकत्र जेवत. गप्पा, ओळखी, थट्टामस्करी सारे तेथे चाले. रामानुजन तेथे न जाता आपल्या खोलीत गॅसच्या शेगडीवर भात आणि रसम करून एकटेच जेवत. त्यांचा धर्म पाळला गेला, पण माणसांचा सहवास सुटला. चिंच आणि खोबरेल तेल यांसाठी लांबच्या मित्रांना पत्रे लिहावी लागत. युद्धामुळे भाजीपाला मिळेनासा झाला. सलग तीस तास काम आणि मग वीस तास झोप, असा दिनक्रम झाला. दिवसातून एकदाच स्वयंपाक, कधी तोही नाही.

या काळातली एक छोटी गोष्ट सांगतो. पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आलेले प्रशांतचंद्र महालनोबीस तेव्हा केंब्रिजला शिकत होते. थंडीच्या दिवसांत ते रामानुजन यांच्या खोलीवर गेले. रात्री ऊब मिळते का, असे त्यांनी सहज विचारले. रामानुजन म्हणाले, ओव्हरकोट घालून शाल गुंडाळून झोपतो, तरी थंडी वाजते. महालनोबीस यांनी पलंग पाहिला. ब्लँकेटे भरपूर होती, पण ती गादीखाली घट्ट खोचून वर चादर पसरलेली होती. त्या पांघरुणांच्या आत शिरून झोपायचे असते, हे रामानुजन यांना कोणी सांगितलेलेच नव्हते! ते वरच झोपत होते. महालनोबीस यांनी पांघरूण उलगडून दाखविले आणि प्रश्न मिटला. जगातील अवघड गणिते सोडविणारा माणूस थंडीने कुडकुडत होता आणि त्याला हवे होते ते एवढेच, की कोणीतरी खोलीवर येऊन विचारावे.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. रामानुजन यांनी एका मित्राला व त्याच्याबरोबरच्या दोन स्त्रियांना आपल्या खोलीवर जेवावयास बोलाविले. मोठ्या हौसेने स्वयंपाक केला. रसम दोनदा वाढले. तिसऱ्यांदा वाढू लागले तेव्हा पाहुण्या स्त्रियांनी सौजन्याने नको म्हटले. थोड्या वेळाने पाहतात तो यजमान खोलीत नाहीत. खूप वाट पाहून पाहुणे निघून गेले. काही दिवसांनी ऑक्सफर्डहून तार आली, की परत येण्यासाठी पाच पौंड पाठवा. आपल्या हातचे अन्न नाकारले गेले हे मनाला इतके लागले, की ते तडक निघून गेले होते. छपरात कागद लपविणारा मुलगा आणि विशाखापट्टणमची वाट धरणारा मुलगा अजून तसाच होता. दुखावले की निघून जायचे, कोणाजवळ बोलायचे नाही.

हार्डी यांनी रामानुजन यांच्यासाठी जे केले त्याला तोड नाही. दोघांनी मिळून केलेले काम गणिताच्या इतिहासात अमर आहे. १९१६ साली रामानुजन यांना केंब्रिजची संशोधनाची पदवी मिळाली. जो एफ. ए. होऊ शकला नाही तो केंब्रिजचा पदवीधर झाला. पण हार्डी स्वभावाने संकोची होते आणि खाजगी गोष्टी विचारणे हे तेथील रीतीतही बसत नव्हते. ते रोज भेटत, रोज बोलत, आणि बोलणे गणिताचेच असे. घरी सासू-सून यांचे पटत नव्हते, पत्नीची पत्रे आई मधल्या मध्ये अडवीत होत्या आणि घरून बातमीच येत नव्हती. हे सर्व रामानुजन एकटे मनात ठेवून होते. हार्डी यांना त्याचा पत्ता लागला तो आजारपणातच.

अंधार

१९१७ च्या वसंतात रामानुजन अंथरुणाला खिळले. क्षय असल्याचा संशय धरून डॉक्टरांनी त्यांना एका सॅनेटोरियमातून दुसऱ्यात हलविले. उपचार म्हणजे उघडी हवा, तीही इंग्लंडच्या थंडीत. तेथील न्हाणीघर तेवढे उबदार असते म्हणून कागद-लेखणी घेऊन तेथे जाण्याचा बेत त्यांनी हार्डी यांना कळविला होता. जेवणाचे हाल होते, युद्ध संपत नव्हते, समुद्रप्रवास धोक्याचा असल्याने घरी येणे शक्य नव्हते. त्यातच त्या वर्षी ट्रिनिटीच्या फेलोशिपसाठी त्यांची निवड झाली नाही.

१९१८ च्या प्रारंभी लंडनमध्ये रामानुजन यांनी आपले जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. एका कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानामुळे ते वाचले. त्या काळी इंग्लंडात असा प्रयत्न हा गुन्हा होता, तो कायदा १९६१ साली रद्द झाला. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. हार्डी धावत आले, आपल्या शब्दाचे सारे वजन त्यांनी खर्च केले आणि रामानुजन यांना सोडवून आणले. पुढे कितीतरी वर्षे ही गोष्ट मोजक्या लोकांनाच माहीत होती.

ही घटना सांगू नये, थोर पुरुषाला त्याने कमीपणा येतो, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. मनाचा आजार हा बुद्धीच्या कमतरतेमुळे येत नाही, भ्याडपणामुळेही येत नाही, हे समजण्यासाठी याहून मोठे उदाहरण कोठून आणावे? एकटेपणा, उपासमार, दुखणे, घरची चिंता आणि अपयश ही सर्व एकावर एक साचत गेली आणि त्यांच्या भाराखाली असा असामान्य माणूसही वाकला.

त्याहून महत्त्वाचे ते पुढे आहे. तो दिवस टळला, आणि त्यानंतर काय घडले पाहा. हार्डी यांनी त्यांचे नाव रॉयल सोसायटीसाठी आधीच सुचविले होते आणि त्यांच्या प्रकृतीची अवस्था पाहता ही निवड लांबवू नये, असा आग्रहही धरला होता. काही आठवड्यांतच ती बातमी आली. वयाच्या तिसाव्या वर्षी रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ऑक्टोबर १९१८ मध्ये ट्रिनिटीचेही फेलो झाले, आणि हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. शरीर थकलेले होते, पण मनाला उभारी आली आणि लेखणी पुन्हा चालू लागली. ज्या १७२९ ची गोष्ट आपण सर्व सांगतो ती या दुखण्याच्या काळातलीच. पटनी येथील रुग्णालयात हार्डी भेटीस आले असता, दोन घनांची बेरीज दोन वेगळ्या प्रकारे म्हणून लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे, असे रामानुजन यांनी सहज सांगितले. अंधारातल्या त्या दिवशी आता पुढे काही उरले नाही असे त्यांना वाटले होते. उरलेले मात्र पुष्कळ होते.

परतीनंतर

२७ मार्च १९१९ रोजी रामानुजन यांची बोट मुंबईच्या धक्क्याला लागली. आई न्यायला आल्या होत्या. त्यांनी आधी विचारले ते जानकीविषयी. ती नंतर मद्रासला येऊन मिळाली आणि अखेरपर्यंत तिने त्यांची शुश्रूषा केली. अंथरुणावर पडूनही ते लिहीत होते. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डी यांना नव्या प्रकारच्या फलनांविषयी कळविले, आणि त्यांवर आजही जगभर संशोधन चालू आहे. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. डी. ए. बी. यंग या अभ्यासकाने १९९४ साली जुन्या नोंदी तपासून असे मत मांडले, की हा आजार क्षय नसून जुन्या अतिसारातून यकृताला झालेला विकार असावा. त्या काळीही त्यावर उपचार उपलब्ध होता. नीट विचारपूस झाली नाही तर शरीराचे दुखणेही हाताबाहेर जाते, मग मनाचे काय सांगावे? जानकी अम्माळ यांनी पुढे काही वर्षे मुंबईला भावाकडे काढली, शिवणकाम शिकल्या, मद्रासला परतून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्या १९९४ पर्यंत हयात होत्या.

इंग्लंडहून निघण्यापूर्वी, जानेवारी १९१९ मध्ये, रामानुजन यांनी मद्रास विद्यापीठाला एक पत्र लिहिले होते. विद्यापीठाने देऊ केलेली वार्षिक रक्कम आपल्या गरजेपेक्षा जास्त आहे, आईवडिलांना काही भाग देऊन आपला जरुरीचा खर्च भागला की उरलेला पैसा गरीब व अनाथ मुलांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी वापरावा, असे त्यांनी त्यात कळविले. ३२ रुपयांसाठी ज्याचे कॉलेज सुटले होते, त्याला ते ३२ रुपये शेवटपर्यंत आठवत होते.

आपल्यासाठी

सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत कोणी रामानुजन होते की नाही हा प्रश्नच गैर आहे. प्रत्येक जण कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी होती, एवढे पुरे आहे.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालील माणूस म्हणून पाहावे व त्याला उपचार द्यावेत, असे ठरविले. २०२२ पासून केंद्र सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर पैसे न पडता, मराठीतून वा कन्नडमधूनही बोलता येते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. या सोयी आहेत हे ठाऊक असणे हेच अर्धे काम. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो, तसेच ते आहे.

पण सर्व काही सरकार आणि कॉलेज करील असे म्हणून आपली सुटका होत नाही. रामानुजन यांच्या आयुष्यात ज्यांनी हात दिला त्यांनी काय केले? एकाने चार पत्रे लिहिली. एक जण रात्री पाटी घेऊन शेजारी बसला. एकाने पांघरूण उलगडून दाखविले. एक जण पोलिसांच्या दारात धावत गेला. यासाठी अलौकिक बुद्धी लागली नाही. आपल्या वर्गातला एखादा मित्र एकाएकी गप्प झाला, मेसमध्ये दिसेनासा झाला, चार दिवस तासाला आला नाही, तर त्याच्या खोलीवर जावे. अभ्यास कुठवर आला हे न विचारता, जेवलास का, झोप लागते का, घरून फोन येतो का, हे विचारावे. तो बोलू लागला तर मध्ये उपदेश करू नये, ऐकावे. जगणे नको असे तो म्हणाला तर ते हसण्यावारी नेऊ नये, त्याला एकटे सोडू नये आणि ताबडतोब एखाद्या विश्वासू सरांना, मॅडमना किंवा त्याच्या घरच्यांना सांगावे. गुपित मोडल्याचा राग त्याला आला तरी चालेल.

आणि ज्याच्या मनात आज असा अंधार असेल त्या मित्रास वा मैत्रिणीस एवढेच सांगावयाचे, की तू कोणाला तरी बोलून दाखव. एकालाच सांग, पण सांग. रामानुजनसारखे दुःख छपरात लपवून ठेवू नकोस. नापास झालेल्या त्या मुलापुढेही, त्याला दिसत नव्हते तेव्हा, पुष्कळ काही शिल्लक होते.

— बी. कॉम. द्वितीय वर्ष